धावड्याचा ओंडका

वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही त्यांना विचारलं, काय हवंय? शाल नको, सत्कार नको. म्हणाले, "बंबाच्या पाण्यानं एकदा अंघोळ घाला. पण पाणी धावड्यावर तापलेलं हवं."

बंब होता. बैठकीत, चिंच लावून चकचकीत केलेला, डोक्यावर प्लास्टिकची फुलं मिरवत उभा. प्रश्न सरपणाचा होता.

धावडा म्हणजे आमच्या लहानपणीचं राजेशाही सरपण. नारायण पेठेत घरामागंच वखार होती. रविवारी वडील मला घेऊन तिथं जात आणि जो प्रयोग रंगे, त्याला खरं तर तिकीट लावायला हवं होतं. बाह्या सरसावून ते एकेक लाकूड बोटांनी ठोकत, कान लावत, हुंगत. खण्ण वाजलं तर पसंत. जराशी गाठ दिसली की नापसंत.

वखारवाले तराजूला रेलून म्हणत, "अहो, अंघोळच करायचीय ना? का स्थळ बघायला आलात?"

"आंबा देऊ नका. नुसता धूर करतो."

"आंबा नको, गाठ नको. मुळशीचे डोंगर कमी पडतील तुम्हाला."

यावर सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो.

पुढे डोंगर खरंच कमी पडले. मुळशीचा माल थांबला. ट्रक घाटाखालून येऊ लागला, मग त्याहून लांबून. भाव चढला की वडील तणतणत. वखारवाले शांतपणे सांगत, "जंगल लांब पळालंय. त्याच्यामागं धावायचे पैसे घेतो." धावड्याच्या जागी बाभूळ आली. मग तोच नाकारलेला आंबा, आता जावयाच्या थाटात. शेवटी खोक्यांच्या फळ्या, खिळ्यांसकट. लाकूड फोडायला मावळातून दोघं भाऊ येत, ते एक दिवस यायचे थांबले. आम्ही चौकशीसुद्धा केली नाही. आम्ही गीझर बसवत होतो.

आता वखारीच्या जागी लॅमिनेटचं दुकान आहे. गल्ल्यावर त्यांचा मुलगा असतो, मागं म्हातारे वखारवाले बसून असतात. मी म्हटलं, "धावडा हवाय."

"मॅट की ग्लॉसी?" मुलानं विचारलं.

मी वडिलांची इच्छा सांगितली. म्हातारे गुडघ्यांवर हात टेकून उठले, तेव्हा दिसलं, ते बसले होते तो लाकूड फोडायचा जुना ओंडका होता. अंगभर कुऱ्हाडीचे घाव.

"एवढाच उरलाय. न्या."

"आणि तुम्ही?"

"मी उभा राहीन. पैसे विचारू नका, नाही तर सांगेन."

रिक्षात मांडीवर घेऊन मी तो आणला. सोहळ्याच्या सकाळी बंब गच्चीवर नेला, मागून आणलेली कुऱ्हाड घेतली आणि एखाद्या पौराणिक नाटकातल्यासारखा पवित्रा घेऊन उभा राहिलो. वडील वाकले. त्यांनी ओंडका ठोकला. खण्ण! पुन्हा ठोकला, हुंगला. घावांवरून बराच वेळ हात फिरवला.

"गाठ आहे रे याला," ते म्हणाले. "नापसंत."

मी सगळीकडून पाहिलं. गाठ कुठंच नव्हती.

मग ओंडका न्हाणीघरात नेला. वडील त्याच्यावर ऐटीत बसले आणि मी गीझरच्या पाण्यानं त्यांना अंघोळ घातली.

"कसं आहे पाणी?"

डोळे मिटूनच ते म्हणाले, "आंब्यावर तापवलेलं दिसतंय."