ससुलीला माणसात आणण्याचा मंत्र

कापूस वेचताना माझी काकी गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टीत कोणी पोपट व्हायचं, कोणी दगड, कोणी हरीण. पण तिचा एक नेम होता. वावरातून पाय काढण्याआधी ज्याला त्याला उलटा मंत्र म्हणून माणसात आणायचं. कोणी रात्रभर जनावर राहिलं तर त्याला तेच अंग आवडू लागतं, असं ती म्हणायची.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते, बहीण पाच. माघातलं कोवळं ऊन अंगावर घेत आम्ही वेचलेल्या कापसाच्या ढिगावर पडलो होतो. त्या दिवशी गोष्टीतली मुलगी एका मंत्राने ससुली झाली, आणि नेमकी तेव्हाच मला झोप लागली. झोपेत काकीचा आवाज येत होता, शब्द मात्र कापसात बुडून जात होते.

घरी आल्यावर कापसाच्या खोलीत मी तो मंत्र बहिणीवर म्हणून पाहिला. "मिट रे बोंडा, मिट रे डोळा, हो ससुली, खा पाचोळा!"

ती खरंच ससुली झाली. नाक हलवू लागली, बोलणं बंद. जेवताना मेथीची काडी तेवढी कुरतडली. सगळे हसले. उलटा मंत्र मला ठाऊकच नव्हता, ओरडा बसेल म्हणून मी मंत्राचं लपवलं.

दुसऱ्या दिवशी वसंतपंचमी होती. बहिणीच्या हातून पहिलं अक्षर काढून घ्यायला आम्ही पहाटेच जीपने बासरला, सरस्वतीच्या देवळात निघालो. काकी वेचणीसाठी मागे राहिली. निर्मल गाव मागे पडलं, धुकं विरलं, तरी बहीण बोलेना. गोदावरीवर आईने तिच्या डोळ्यांना पाणी लावलं, तर तिने ते हाताच्या मुठीने सशासारखं पुसलं.

आमच्या घरात तोवर कोणीच शाळेत टिकलं नव्हतं. सरस्वतीपुढे ज्या लेकराचं तोंड उघडत नाही त्याला विद्या येत नाही, असं आईच्या मनात पक्कं बसलेलं. देवळातली रांग पुढे सरकत होती आणि आईचा आवाज बारीक होत होता.

"बोल ना व माय. काऊन अशी करून राह्यली?"

मग मी रडत रडत सगळं सांगितलं. बाबांनी तिथूनच काकीला फोन लावला.

"कालचा मंत्र?" काकी वावरातून ओरडली. मागे वेचणाऱ्या बाया हसत होत्या. "मी त रोज नवा करतो बाप्पा! काल कोन्ता म्हटला मलेच याद नाही."

"मंग आता?" आईने विचारलं.

"तुमीच करा एखादा. तिले काय समजते?"

पण तिला समजत होतं. आईने एक मंत्र केला, बाबांनी एक केला, मागच्या रांगेतल्या एका आजोबांनीही एक करून पाहिला. प्रत्येक वेळी बहिणीने नाही अशी मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी झोपले तेव्हा ती जागी होती. खरा मंत्र तिला माहीत होता. पण ससा तो सांगणार कसा?

आमच्यापुढे दोनच लेकरं उरली होती. हळदीचा आणि कापराचा वास दाटला होता, घंटांचा नाद अंगावरून वाहत होता, सगळं थोडं तरंगल्यासारखं दिसत होतं. मी खाली बसले, डोळे मिटले आणि तोच मंत्र स्वतःवर म्हटला. मिट रे बोंडा, मिट रे डोळा. मग नाक हलवलं.

बहीण टक लावून पाहत राहिली. मग उड्या मारत जवळ आली आणि माझ्या कानाला तोंड लावलं. सशाने सशाशी बोलायला कसली मनाई? तिचा श्वास गरम होता. ती अगदी हळू म्हणाली, "पानापानाची सावली फिरव, हरवलं लेकरू घरी मिरव."

आम्ही दोघींनी तो तिच्यासाठी एकत्र म्हटला. ती ताठ उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, भूक लागली."

आईने तिला उचललं. पुजाऱ्यांनी तांदळाचं ताट पुढे केलं, तिचं बोट धरलं आणि तेलुगूत म्हणाले, "चेप्पम्मा." म्हणजे बोल गं बाई. तिने बोट सोडवून घेतलं.

"थांबा," ती म्हणाली. "माही ताई अजून ससाच हाय."

पुजारी थांबले. सगळी रांग थांबली. तिने माझ्याकडे तोंड करून तो मंत्र एकटीने म्हटला, एकही शब्द न चुकता, आणि मी उठून उभी राहीपर्यंत वाट पाहिली. मग ताटाकडे वळून तांदळात बोट घातलं.

आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "बोलली व, माही लेक बोलली."

आज आम्हा दोघींकडे पदवी आहे. माझी आधी आली, तरी आमच्या घरातला पहिला धडा मी तिच्याकडूनच घेतला, असं मला वाटतं.