उसन्या मशिनींचा गुन्हा

ती घटना आजही आठवते आणि दर वेळी मला आधी हसू येतं. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतलं पोलीस ठाणं ही माझी निवृत्तीआधीची शेवटची नेमणूक. तिथले गुन्हे ठरलेले असायचे. तांब्याची तार, मोटारी, बंद कारखान्यातलं भंगार. मोठ्या कंपन्यांना वॉचमन असतात, म्हणून चोर छोट्या शेडवाल्यांवरच हात मारायचे. त्या महिन्यात चोऱ्या वाढल्या होत्या आणि वरिष्ठांनी मला चांगलंच फैलावर घेतलं होतं. मी तसाही गरम डोक्याचा, त्यात ही भर.

सकाळची हजेरी उरकून चहाचा कप उचलला, तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. चहाची गाडी लावणारा माणूस होता तो. वसाहतीत काय चाललंय हे आमच्या बीट हवालदाराच्या आधी त्याला कळायचं.

"साहेब, पहाटे मागच्या गल्लीत क्रेन लावून मशिनी हलवल्या. वर ताडपत्री. सगळ्या एकाच शेडमध्ये गेल्या बघा."

फोन ठेवतोय तोच बाहेर आरडाओरड. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे टोपी हातात धरून एक म्हातारे बाबा उभे होते. देवळ्याकडचे. मुलानं इथे छोटं वर्कशॉप टाकलं म्हणून शहरात येऊन राहिलेले. रोज सकाळी शेड उघडून लेथ मशीनला उदबत्ती लावायचा त्यांचा नेम.

"साहेब, माझी लेथ गेली हो! काल होती, आज जागा मोकळी हाय. कुलूप जसंच्या तसं, अन् लेथ नाय!"

कुलूप शाबूत असेल तर चोर घरातला असतो, हे नव्या शिपायालाही कळतं. मुलाला फोन लावला, तर तो बंद. बाबांना बाकावर बसवलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोन पंच घेऊन आम्ही जीप काढली.

खबऱ्यानं सांगितलेली शेड लगेच सापडली, कारण गल्लीत तेवढ्याच शेडपुढे रांगोळी होती. फरशी धुतलेली, दारात कुंड्या, आत पस्तिशीचा मालक कडक इस्त्रीच्या शर्टात. खाकी बघताच त्याच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं.

"या साहेब. चहा सांगू?"

"चहा राहू दे. या मशिनी कोणाच्या?"

"माझ्याच."

"पाचही?"

"पाचही, साहेब."

मी सावकाश एक चक्कर मारली. एका लेथवर गणपती. दुसऱ्या लेथवर सप्तशृंगीचा फोटो, त्याखाली उदबत्तीची जुनी राख. ड्रिलिंग मशीनवर हिरव्या रंगात ७८६. मिलिंग मशीनवर खंडोबा आणि ग्राइंडरवर भगवान बुद्ध. कारागीर ज्या मशीनवर पोट भरतो तिच्यावर आपली श्रद्धा चिकटवतो. पण एका माणसाची इतकी श्रद्धास्थानं मी कधी पाहिली नव्हती.

"हे सातशे शहाऐंशी कोणी लिहिलं?"

"मीच. आपल्याला सगळे सारखेच, साहेब."

माझा हवालदार तोंड फिरवून खोकला. मी वाकून पाहिलं. चार मशिनींच्या वायरी भिंतीपर्यंत जाऊन तिथेच गुंडाळून ठेवलेल्या. खाली फाउंडेशनचा पत्ता नाही, लाकडी ठोकळ्यांवर उभ्या. मालकाला घाम फुटला होता, तरी "माझ्याच" सोडून दुसरा शब्द नाही. त्याला जीपमध्ये घातला आणि आजूबाजूच्या ज्या शेडमध्ये मशीनची जागा मोकळी दिसली, त्यांच्या मालकांनाही उचललं. तिघे निघाले. चौथा, बाबांचा मुलगा, गायब होता.

चौकशीची आमची एक पद्धत असते. प्रत्येकाला वेगळं बसवायचं आणि "दुसऱ्यानं सगळं सांगितलंय" असं ठोकून द्यायचं. भलेभले टोळीवाले तेवढ्यावर एकमेकांच्या नावानं पोपटासारखे बोलायला लागतात. इथे मात्र आक्रीतच! ड्रिलिंगवाले चाचा, वय साठीच्या पुढे, शांतपणे म्हणाले, "साहब, मशीन त्या शेडवाल्याचीच आहे."

"चाचा, चोरीचा मामला आहे. आत जाल."

"तो जाऊंगा. पण मशीन त्याचीच."

"मग घ्या कसम."

चाचा एकदम चुळबुळले. "कसम नको ना साहेब. बाकी काय पण विचारा."

मिलिंगवाल्यालाही तेच विचारलं. "देवाला कशाला मधे घ्यायचं?" म्हणाला. ग्राइंडरवाल्यानं तर सरळ विचारलं, "लिहून देतो, चालंल का? शपथ नाय घेत." पोलिसांना लेखी खोटं द्यायला तयार, पण शपथेला कचरणारे गुन्हेगार मी पहिल्यांदाच बघत होतो. माझा आवाज चढला, टेबलावर दोनदा हात आपटला, पण एकजण फुटेल तर शपथ.

तेवढ्यात हवालदारानं बाबांच्या मुलाला शोधून आणलं. त्याला बाप दिसणार नाही असा मागच्या दारानं खोलीत घेतला.

"लेथ कोणाची?"

"त्याची, साहेब. आमची नाहीच ती."

मी उठून पुढचं दार उघडलं. बाबा दारालाच कान लावून उभे होते.

"आमची नाय? अरं मुडद्या, त्या लेथवर तुझं लगीन झालं! तुझी पोरं शाळंत जात्यात! अन् आमची नाय म्हणतो?"

पोरगा मटकन खाली बसला आणि सगळं बाहेर आलं. एका परदेशी कंपनीला तिचे सुटे भाग इथल्या लहान कारखान्यांकडून बनवून घ्यायचे होते. कंपनीच्या मॅडम त्याच दिवशी शेड बघायला येणार होत्या. सगळी कामं एका छपराखाली होतात का, हे त्या बघणार होत्या. शेडमालकाकडे होती एकच लेथ. ऑर्डर मिळाली तर काम पाचही जण वाटून घेणार होते. नाही मिळाली, तर शेडमालकाचं शटर बंद, आणि रिकाम्या बसलेल्या बाकी चौघांचंही लवकरच.

"आणि मशीन चालवून दाखवा म्हणाल्या असत्या तर?"

"मेन स्विच पाडून लाईट गेली म्हणणार होतो, साहेब."

मला हसू आवरेना. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर शेजारचा सोफा आणि वरच्या मजल्यावरच्या कपबश्या येतात, तशा या पठ्ठ्यांनी मशिनी आणल्या होत्या!

"मला सांगायचं ना मंग! मी काय नाय म्हणलो असतो?" बाबा.

"तुम्ही गल्लीभर सांगितलं असतं."

बाबांनी तक्रार मागे घेतली. चोरी नाहीच, तर गुन्हा कसला? डायरीत तशी नोंद करून सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं आणि शेडवर निघालो. पण उशीर झाला होता. कंपनीची गाडी दारात उभी होती, आणि मॅडम आपला होणारा पुरवठादार पोलीस जीपमधून उतरताना बघत होत्या.

शेडमालकानं शेजाऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, यातली एकच मशीन माझी. बाकीच्या यांच्या. तुम्हाला दाखवायला आणल्या होत्या."

मॅडमनी फाइल मिटली. "खोटं दाखवणाऱ्याला आम्ही काम देत नाही," एवढंच बोलून त्या गाडीकडे वळल्या. शेडमालक जागीच थिजला. मी पुढे होऊन गाडीच्या दाराशी उभा राहिलो.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणालो. "खोटं बोलले हे खरं. माझ्याशीही बोलले. पण काय बोलले ते ऐका. चोरीचा आळ डोक्यावर असताना या चौघांनी स्वतःची मशीन याची आहे असं मला सांगितलं. उद्या हा फिरला असता, तर मशीन गेलीच होती. असे पुरवठादार तुम्हाला कुठे मिळतील, ते तुम्ही बघा."

त्या थांबल्या. चाचांना विचारलं, "भीती नाही वाटली?"

"मॅडम, मशीन कुठे पळते? ऑर्डर पळते."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. "मशिनी जागच्या जागी न्या. मी सोमवारी येते. प्रत्येकाच्या शेडमध्ये जाणार, काम चालू हवं, सगळ्यांची नावं उघड हवीत. आणि लाईट गेलीय असं मला सांगू नका, ते मी खूप ठिकाणी ऐकलंय."

सोमवारी त्या खरंच आल्या. नमुन्याचे पहिले भाग नापास झाले, दुसरे पास. ऑर्डर लहानशीच मिळाली, पण मिळाली. बाबा ठाण्यात पेढे घेऊन आले आणि लॉकअपमधल्या पाकीटमारालाही देऊन गेले.

नव्या फौजदारांना मी नेहमी शिकवायचो की, ठाण्यात बसवलेला माणूस आधी स्वतःला सोडवतो. त्या दिवसानंतर पुढे हेही सांगू लागलो, की समोरचा खोटं बोलतोय हे कळल्यावर तिथेच थांबू नका, तो कोणाला वाचवतोय ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, "स्वतःला." त्या गल्लीत मात्र चार वेळा विचारलं आणि चारही वेळा दुसऱ्याचंच नाव आलं. माझ्या तोंडावर खोटं बोलणाऱ्या माणसांचा मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.