शेवटचे शंभर मीटर

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला, इंजेक्शनला, साहेबांच्या केबिनच्या दाराला, सगळ्याला मी घाबरते. त्यामुळे चाळिशीला टेकल्यावर मी नवा रायपूरच्या बंद रस्त्यावर गाडी पळवायला नाव दिलं, तेव्हा बाबा पेपरमधून डोकंही वर न काढता म्हणाले, "अर्ध्यातून वापस येशील तू."

शर्यत म्हणजे सरळ रस्ता, चारशे दोन मीटर. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा, आणि गाडी सुटते. पलीकडे पोचलं की किती सेकंद लागले त्याची चिठ्ठी हातात मिळते. वळण नाही, गर्दी नाही. दर रविवारी सकाळी परवानगी काढून रस्ता बंद करतात आणि कडेला एक ॲम्ब्युलन्स उभी ठेवतात. ती ॲम्ब्युलन्स पाहून इतरांना धीर येतो म्हणे. मी तिच्याकडे बघायचंच टाळायचे.

गाडी माझी रोजचीच, ऑफिसला जायची आणि लेकीला शाळेत सोडायची. खरं कारणही लेकच होती. बूढ़ापारा वस्तीतल्या एका गल्लीतून टेम्पो अचानक मागे आला आणि मी करकचून ब्रेक लावला. काही झालं नाही. पण लेक शांतपणे म्हणाली, "मम्मा, आपने आँखें क्यों बंद कर ली थीं?"

मी तिच्यावर खेकसले. डोळे मिटून कुणी गाडी चालवतं का, म्हटलं. माझ्या मनातून मात्र ते जाईना. रोज सकाळी ती शेजारी बसून पट्टा लावायची आणि मला वाटायचं, खरंच मिटले असतील तर? नऊ वर्षांची पोर कुणाच्या भरवशावर बसली आहे इथं? बाबांना किंवा नवऱ्याला विचारायची सोय नव्हती, हसले असते. म्हणून मी ज्याच्याकडे गाडी दुरुस्तीला टाकते त्या गॅरेजवाल्याला म्हटलं, भैया, मला नीट चालवायला शिकवा. रविवारच्या त्या रस्त्यावर त्यानंच मला नेलं.

तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण शिकवताना शाळामास्तर. पहिल्या दिवशी मी घाबरून क्लच एकदम सोडला आणि गाडी आचके देत बंदच पडली. मग त्यानं नुसता क्लच शिकवला. इंजिनचा आवाज एका जागी धरायचा, क्लच जिथं पकडतो तिथवर पाय आणायचा, क्षणभर थांबायचं आणि मग सोडायचं. चाकं जागच्या जागी फिरली तर वेळ वाया, दबकत सुटलं तरी वाया. गिअर कधी टाकायचा तेही काट्याकडे न बघता कानानं ओळखायचं. साडेवीस सेकंदांवरून मी साडेएकोणीसवर आले आणि तिथंच अडकले. चार रविवार झाले, चिठ्ठी हलेना.

"दीदी, शुरुआत तो एकदम बढ़िया है," चिठ्ठी बघत तो म्हणाला. "आखिरी सौ मीटर में आप पैर उठा लेती हो."

"मी? शक्यच नाही."

वाद नको म्हणून त्यानं माझाच मोबाईल डाव्या दाराला चिकटवला, माझा चेहरा आणि पाय दोन्ही दिसतील असा. मी पुन्हा एकदा गाडी पळवली. मग आम्ही दोघं गाडीत बसून ते बघायला लागलो. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, सगळं ठीक. नंतर उजवा पाय आपोआप वर आला. भैया म्हणाला, देखा? मी पायाकडे बघतच नव्हते. पाय उचलायच्या आधी माझे डोळे मिटले होते. पापणी लवावी तसे नाही, चांगले घट्ट, लहान मूल औषध पिताना मिटतं तसे. गाडी शंभरच्या पुढे होती.

त्याला ते दिसलं की नाही, कोण जाणे. मी मोबाईल पर्समध्ये टाकला. घरी येताना पस्तीसच्या वर गाडी नेली नाही. दुसऱ्या दिवसापासून लेकीला रिक्षा लावून दिली. कारण विचारलं तर ऑफिसमध्ये काम वाढलंय, असं सांगितलं.

आठवडाभर मी हे कुणाला सांगितलं नाही. शेवटी शनिवारी दुपारी बाबांसमोर मोबाईल धरला. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, मालगाडीचे ड्रायव्हर होते. हसले तर हसले, असं ठरवूनच गेले होते. ते हसले नाहीत. व्हिडिओ दोनदा बघितला आणि मोबाईल पालथा ठेवला.

"तू बोलणं काहून बंद केलं व?" म्हणाले.

मला कळायला वेळ लागला. रेल्वेत एक रीत आहे. इंजिनमध्ये दोघं असतात. पुढचा सिग्नल दिसला की एकानं हात वर करून मोठ्यानं सांगायचं, हिरवा की पिवळा, आणि दुसऱ्यानं तेच पुन्हा म्हणायचं. बाबांनी मला रेल्वे कॉलनीत गाडी शिकवली ती याच पद्धतीनं. सायकल उजवीकडून. गाय डावीकडे. मी ओरडायची, ते पुन्हा म्हणायचे. कॉलेजात गेल्यावर मैत्रिणी खिदळायला लागल्या आणि मी ते सोडून दिलं.

"जो बोलून राहिला, त्याले पाहाच लागते," बाबा म्हणाले. "उद्या मी येतो संगं."

रविवारी बाबा रस्त्याच्या पार त्या टोकाला, अडथळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. मी रांगेत होते. दोनदा बाथरूमला जाऊन आले होते. आज डोळे मिटले तर पुन्हा लेकीला गाडीत बसवायचं नाही, हे मी मनाशी ठरवून आले होते. ते ठरवल्यामुळे भीती आणखीच वाढली.

काचा वर केल्या आणि बोलायला लागले. पिवळा. पिवळा. हिरवा! क्लच बरोबर सुटला. दुसरा. डावीकडे पांढरा बोर्ड. उजवीकडे ॲम्ब्युलन्स. तिसरा. रस्त्यावर डाग, तेलाचा नाही, पाण्याचा. माझा आवाज मलाच ओळखू येईना, चिरका आणि रडवेला. शेवटच्या बोर्डाशी पापण्या जड झाल्या, अगदी कुणी वरून दाबाव्या तशा. लाल शंकू, मी ओरडले. माणसं. बाबा. पुढं दुसरं काही सुचेना म्हणून तेवढंच ओरडत राहिले, बाबा, बाबा, बाबा. रेषा ओलांडल्यावर ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी थांबली तेव्हा गालावरून पाणी वाहत होतं.

चिठ्ठीवर अठरा पूर्णांक आठ होते. भैया तिकडून नाचतच आला. मी ती चिठ्ठी बाबांसमोर धरली, पण त्यांनी बघितलीच नाही.

"आखरीले काय दिसलं तुले?"

"तुम्ही."

"अजून?"

"हात वर केला होता तुम्ही. मफलरचं एक टोक सुटलं होतं. शेजारी थर्मास घेतलेली बाई होती, हिरव्या स्वेटरची."

"सगळं दिसलं?"

"हव, बाबा. सगळं."

ते गाडीला टेकले. मी सातवीत असताना बाबांच्या गाडीखाली कुणीतरी आलं होतं. त्या दिवशी ते घरी येऊन नुसते अंगणात बसले होते. ब्रेक मारला, पण मालगाडी थांबते काय, एवढंच बोलले होते. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नव्हता.

"मी मिटले होते त्या दिवशी," बाबा म्हणाले. "ब्रेक मारला, हॉर्न देला, अन् मिटले डोळे. बाई होती का माणूस, चौकशीत इंजिनमधल्या दुसऱ्यानं सांगितलं तवा समजलं मले. रुळावरून तो मायाकडं पाहून राहिला होता का, तेही माहीत नाही."

बाबांना कधी भीती वाटली असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी त्यांचा मफलर नीट केला आणि डावं दार उघडलं. ते बसले, पट्टा लावला. रस्त्याच्या फाटकातून बाहेर पडताच त्यांनी हात वर केला.

"सायकल, डावीकडून."

"सायकल, डावीकडून," मी म्हटलं.

घर येईपर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही.