नवीन एस्टरची पहिली डबी

आमचे हे क्रीमच्या कारखान्यात भट्टीवर आहेत. क्रीम नाही बनवत; क्रीममध्ये तेलासारखं जे घालतात, ते एस्टर बनवतात. लग्न झाल्यावर विचारलं तर म्हणाले, "तेलातलं आम्ल आणि अल्कोहोल एकत्र तापवायचं. पाणी वाफ होऊन निघून जातं, उरतं ते एस्टर." मी म्हटलं, "म्हणजे दिवसभर पाणीच आटवता की!" त्यावर हा माणूस पोट धरून हसला. इतका भोळा.

पुढे माझी कातडी बिघडली. पाठ सुकते, भेगाळते, रक्त येतं. डॉक्टरांनीही हात टेकले. चाललं ते फक्त ह्यांच्या कारखान्याचं क्रीम. सुकलेल्या कातडीचे पापुद्रे कडेने उचलले जातात, एस्टर त्या फटींत शिरून त्यांना खाली बसवतं, कातडी मऊ राहते आणि चिकटही लागत नाही, असं हेच समजावायचे. रोज सकाळी तळहात गरम करून माझ्या पाठीला लावायचे. दुखणं गेलं नाही, पण झोप लागायची. मला तेवढं पुष्कळ होतं.

मग कारखान्याने पाम तेलाचं एस्टर बंद केलं. त्या तेलापायी जंगलं तोडतात म्हणे. आता दुसऱ्याच जातीचं एस्टर, तेलगिरण्यांत वाया जाणाऱ्या गाळातून, तेही कमी आचेवर. हे तर हरखूनच गेले. जुन्याचा शेवटचा थेंबसुद्धा स्वतःच्या हाताने टाकीतून धुऊन काढला आणि नव्या क्रीमची पहिली डबी घरी आणली. "बघ, ह्याच्यासाठी एक झाड पडलं नाही!"

दुसऱ्या सकाळी तेच लावलं, आणि दुपारपर्यंत माझ्या पाठीची नुसती आग आग झाली.

"अहो, जुन्याची एक बाटली तरी बाजूला काढायची!" मी कडाडले.

"हे तुला जास्त मानवेल असं वाटलं गं," एवढंच म्हणाले. तोंड एवढंसं झालं होतं.

मग मीच जाऊन कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना भेटले. बाईंनी नीट ऐकून घेतलं, तेच वाईट. खेकसल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. बाकी कुणाचीच तक्रार नाही, एका पाठीसाठी जुनी भट्टी कशी लावायची? त्यांचंही खरंच. दुकानातली क्रीमं पूर्वीही झोंबायची, आताही झोंबतात. मग शिव्या घालू कुणाला, जंगलाला? लेक म्हणते, "आई, ते योग्यच करतायत ना." योग्यच आहे गं बाई, पण पाठ माझी आहे!

सवय मात्र सुटत नाही. अजूनही सकाळी हे तळहात गरम करतात, माझ्या मागे येऊन बसतात. मी पाठ उघडी करते. लावायला काहीच नसतं. मग हळूच फुंकर घालतात.

"बरं वाटतंय?" विचारतात.

"हो," मी म्हणते.

खोटं आहे हे त्यांना कळतं. ते पुन्हा फुंकर घालतात.