भागाबाई आणि आमची राइस मिल

राइस मिलमध्ये नोकरी केलेल्या माणसाला बोलतं करू नये! कोंड्यासारखंच असतं ते. कितीही उपसा, ढीग हटत नाही.

पन्नास सालानंतर चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, एकेक मिल उभी राहू लागली. त्यातल्या एकीत मी धान मोजणारा मापारी होतो. तिनं माझं घर चालवलं, वर माणसंही दिली.

*

इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा बघायला गाव लोटलं. भागाबाई मात्र रडवेली. घरोघरी धान कांडून पोट भरायची ती. मिलच्या शेठजींना म्हणाली, "भाऊ, आता मशीन कांडते. मंग आमी काय करावं?"

शेठजींनी विचारलं, "मशीनला पाखडता येतं का?"

"तिले हात कुठी हायेत!"

दुसऱ्या दिवशी भागाबाई सूप घेऊन हजर! मागे कांडणाऱ्या सगळ्या बाया.

*

धानोऱ्याकडचे मनकूभाऊ बैलबंडीभर धान घेऊन आले. पांढराशुभ्र तांदूळ बघून दचकलेच. "याचं कातडं काऊन सोललं? आजारी दिसून राह्यला!"

इंजिन सांभाळणाऱ्या आमच्या मिस्त्रींनी हसत हसत मशीन ढिली केली, लालसर तांदूळ काढून दिला. मनकूभाऊंनी चावून पाहिला. "हा जिता हाय!"

पुढच्या हंगामात त्यांचं अख्खं गाव आमच्या दारात.

*

आमच्या भोंग्यावर सगळा मोहल्ला चालायचा. एकदा मिस्त्रींचा डोळा लागला अन् भोंगा उशिरा वाजला. शाळेचे मास्तर धापा टाकत आले, "तुमच्यापायी माझी शाळा बुडाली!"

मिस्त्री म्हणाले, "घाबरू नका मास्तर, पोरंबी भोंगाच ऐकतात."

*

आणि तो दिवस. मी पोती मोजत मागे सरकलो अन् धोतराचा सोगा इंजिनच्या पट्ट्यात गेला. क्षणात ओढला गेलो. ओरडायलाही सुचेना. तेवढ्यात भागाबाईनं सूप फेकलं, मागून माझ्या कमरेला मिठी मारली अन् पाय रोवून उभी राहिली. मिस्त्रींनी इंजिन बंद करेपर्यंत धोतराच्या चिंध्या झाल्या होत्या. मी शाबूत! तिनंच मला बारदान्यात गुंडाळलं. तसाच घरी गेलो.

बायकोनं सगळं ऐकलं. सकाळी पेटीतलं लग्नातलं लुगडं काढलं अन् तडक मिलमध्ये आली. भागाबाईच्या पाया पडली, लुगडं पुढे केलं. डोळ्यांना धार लागलेली.

भागाबाई गोंधळून बघतच राहिली.

"मले कायले वं बाई लुगडं? धोतर तं त्याचं गेलं!"