पितृपक्षातलं लग्न

माझ्या थोरल्या बहिणीला बाहेरची बाधा झाली आहे, असं म्हणायला आमच्या घरात कोणाचीच ना नव्हती. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून तिने जेवण जवळजवळ सोडलं होतं. केस विंचरायची नाही, भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास बसायची. विचारलं तर म्हणायची, "मला काही वाटतच नाही गं." आईने तिची दृष्ट काढली, तिला दर्ग्यात नेलं, देवीला नेलं, दापोऱ्याच्या भगताकडून दोरा आणून दंडाला बांधला. हे सगळं भर दिवसा, गल्लीतून. भुताची आम्हाला लाज नव्हती, लाज होती ती डॉक्टरची. बाधा बाहेरून येते, त्यात घराण्याचा काय दोष? डॉक्टरकडे गेलं की बिघाड घरातलाच ठरतो. म्हणून शेजारच्या बायका येऊन दोऱ्याची गाठ कौतुकाने बघून जायच्या आणि आई त्यांना चहा द्यायची.

दोऱ्याने काही झालं नाही, तेव्हा वडील एकदाचे डॉक्टरकडे गेले. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ते बुऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीत कारकून होते. चौकातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी ताईला तपासलं आणि नागपूरच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी दादांनी पंचांगात लपवली, आणि घरात मरणकळा पसरली.

एक वर्ष आधी हे सोपं गेलं असतं. तोवर नागपूर आमची राजधानी होती. कारकून माणूस नागपूरला निघाला की लोक समजायचे, वरच्या कचेरीत काम असेल. मग राज्यांची जोडातोड झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमची राजधानी भोपाळला गेली. दादांच्या फायलीही तिकडेच जाऊ लागल्या. आता बुऱ्हाणपूरच्या माणसाने कुटुंबासकट नागपूरला जायला एकच कारण उरलं होतं, वेड्यांचं इस्पितळ, आणि ते गावाला पाठ होतं. देशातल्या थोर लोकांनी नकाशा बदलताना दादांच्या अडचणीचा विचार केला नाही, याचा राग त्यांना शेवटपर्यंत होता.

त्यातून दादांना दोन मुली उजवायच्या होत्या. ताईचं कळलं तर माझंही जमणार नाही, असं ते माझ्यासमोरच म्हणायचे. मी तेरा वर्षांची होते आणि मला लग्न करायचंच नव्हतं, पण मला कोण विचारतं.

उपाय डॉक्टरांनीच सुचवला. "हे फक्त तुम्हालाच सांगतो," ते म्हणाले. "बुऱ्हाणपूरच्या स्टेशनावर जाऊच नका. बैलगाडीने चांदनीला जा, तिथून भुसावळकडची पॅसेंजर धरा, पुढे नागपूर." चांदनी खंडव्याच्या बाजूला. म्हणजे नागपूरला जायला आधी उलटं जायचं, मग रेल्वेने परत बुऱ्हाणपुरावरूनच यायचं. गाडी तिथे थांबणार, तेव्हा खिडक्या लावून खाली वाकून बसायचं, असं दादांनी ठरवलं. आम्हाला त्यांनी घरात तशी तालीमही दिली. ताई वाकली नाही. ती म्हणाली, "डोकं लपवता काय? ते दुखतं का, ते विचारा."

पितृपक्षात निघायचं ठरलं, कारण त्या पंधरवड्यात मुली बघायला कोणी येत नाही. पहाटे बैलांच्या दमणीत बसलो, पडदा सोडला आणि केळीच्या बागांमधून हेलकावे खात चांदनीला पोचलो. स्टेशन लहान, एक बाक, एक निंबाचं झाड. आणि त्या बाकावर आमच्या समोरच्या घरातल्या मावशी बसलेल्या.

या मावशींपासून लपवण्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. कोणाच्या घरी काय शिजलं आणि का करपलं, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं. शेजारी त्यांचे यजमान बसले होते, शाळेतले मास्तर. महिनाभर ते रजेवर होते, "कंबर धरली" म्हणून. धरलेल्या कमरेने ते अगदी ताठ बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मावशींनीच आधी तोंड उघडलं.

"कुठी चालले, भाऊ?"

"खंडव्याले," दादा म्हणाले. "लग्न आहे."

पितृपक्षात लग्न! आईने डोळेच मिटले. मावशी तिथीवार तोंडपाठ असलेली बाई, ऐन श्राद्धात कोणाचं लग्न हे त्यांनी लगेच विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "हाव का? आम्ही बी लग्नालेच चाललो. खंडव्यालेच."

कोणाचं लग्न, हे कोणीच कोणाला विचारलं नाही.

मोठी माणसं अशी छान सावरून बसली, तेवढ्यात ताई मास्तरांजवळ गेली आणि सरळ म्हणाली, "मास्तर, तुम्हालाही नागपूरला नेताहेत?"

"हाव बेटा," मास्तर म्हणाले. "डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. तुला?"

"मलाही."

"मला भीती वाटते," मास्तर म्हणाले. "तू आधी बरी होऊन आलीस तर मला सांग, तिथं कसं असतं."

"सांगीन," ताई म्हणाली.

त्या फलाटावर खरं बोलणारी एवढीच दोन माणसं होती, आणि दोघांच्याही डोक्यात बिघाड असल्याचं लेखी होतं. दादा जोरात खोकले. मावशींनी पानाचा डबा काढला. कोणी काही ऐकलंच नाही.

मग खंडव्याकडची गाडी आली. आपण चढलो नाही तर मावशींना काय वाटेल, म्हणून दादा चढले. आम्ही चढलो नसतो तर त्यांची सुटका झाली असती, पण आम्ही चढल्यावर त्यांनाही चढावं लागलं. ताई दारातच अडली. "दादा, नागपूरची गाडी तर त्या बाजूने जाते ना?" दादांनी तिला दंडाला धरून आत ओढलं, दोरा बांधला होता त्याच दंडाला. मला त्यांचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

खंडव्याला उतरून दोन्ही वऱ्हाडांनी एकमेकांचा निरोप घेतला. दुपारी धर्मशाळेच्या ओट्यावर आम्ही शिदोरी सोडली, तर दुसऱ्या टोकाला मावशी पाठ करून मास्तरांना भरवत होत्या. परतीच्या गाडीत पुन्हा भेट झाली. "लग्न चांगलं झालं?" मावशींनी विचारलं. "फार छान झालं," आई म्हणाली. मग लग्नाहून परतलेल्या दोन्ही घरांना बुऱ्हाणपूरलाच उतरावं लागलं.

दिवाळीनंतर पुन्हा जाऊ, असं दादा म्हणाले. मावशीही मास्तरांना तेच म्हणाल्या होत्या, हे नंतर कळलं. दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मास्तर एका सकाळी तापीच्या घाटावर गेले आणि आलेच नाहीत. पाय घसरला, असं गावाने ठरवलं. सगळे तसंच म्हणाले, आम्हीही म्हणालो. ताई तेवढी म्हणाली, "नाही," आणि आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. मास्तर मला गणित शिकवायचे. चुकलं तरी कधी ओरडले नाहीत. मी माळ्यावर जाऊन खूप रडले.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मावशी आमच्या दारात उभ्या राहिल्या. नुकत्याच विधवा झालेल्या बाईने तेव्हा उंबरा ओलांडायचा नसे. हातात मास्तरांची चिठ्ठी होती, त्याच डॉक्टरांच्या अक्षरातली. चांदनीचं गुपित त्यांनाही "फक्त तुम्हालाच" म्हणून मिळालं होतं.

"पोरीले तयार करा," त्या दादांना म्हणाल्या. "बुऱ्हाणपूरच्या स्टेशनावरून जायाचं. मी येते पोचवाले."

दादा काहीतरी पुटपुटले, तशा त्या ओरडल्या, "पुन्हा लग्नाले जाता का, भाऊ?"

त्या दिवशी आम्ही भर बाजारातून चालत गेलो. मावशींनी ताईचा हात धरला होता. ज्याने त्याने विचारलं, कुठी चालले, आणि मावशी प्रत्येकाला त्याच मोठ्या आवाजात सांगत होत्या, "नागपूरले. डोक्याच्या दवाखान्यात." लोक पागोटं सारखं करायचे, बाजूला व्हायचे. दादा खाली मान घालून चालत होते. स्टेशनपर्यंत आभाळ काही कोसळलं नाही.

ताई पाच महिन्यांनी आली. अगदी पहिल्यासारखी नव्हे, पण स्वतः वेणी घालून आलेली, भूक लागली म्हणणारी. आई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. ताई आधी समोरच्या घरी गेली. तिने शब्द दिला होता, ज्याला दिला तो राहिला नव्हता, म्हणून ती मावशींसमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. खाटा कशा होत्या, वरण कसं पातळ होतं, डॉक्टर काय विचारायचे, पहिल्या रात्री किती भीती वाटली आणि ती कधी गेली. मी दाराशी उभी होते. मावशी मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर बी बरे झाले असते का वं?"

ताईच्या जागी आई असती तर काहीतरी सांगून तिने वेळ मारून नेली असती. दादांनीही नेली असती. पण ताईला ते कधी जमलंच नाही.

"हो, मावशी," ती म्हणाली. "मला वाटतं, झाले असते."