क्लच दाबला की

सत्तरच्या दशकात मी मिरजेतल्या एका दवाखान्यात बाळंतपणं करत होते आणि दर गुरुवारी कडेगावला जाऊन तिथल्या बायकांना तपासत होते. एस.टी.नं जायचं तर विट्याला उतरून दुसरी गाडी पकडावी लागायची. ती कधी मिळायची, कधी तासभर मिळायची नाही. मी पोचेपर्यंत निम्म्या बायका कंटाळून रानात परत गेलेल्या असत. म्हणून मी मोटार घ्यायचं ठरवलं.

नव्या मोटारीसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे. साताऱ्यात एक निवृत्त अधिकारी आपली जुनी विलायती गाडी विकणार असल्याचं कळलं, ती मी घेतली. गाडीबरोबर त्यांनी एक जाड इंग्रजी पुस्तकही दिलं. गाडीत काय बिघडलं की काय करायचं, ते त्यात चित्रांसकट लिहिलेलं होतं. ते पुस्तक त्यांनी मला द्यायला नको होतं, असं आता वाटतं.

गाडी चालवायला मी तीन आठवड्यांत शिकले. मिरजेत गाडी चालवणाऱ्या बायका तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यातली एक मी आहे याचा मला भारी अभिमान होता. नवरा कॉलेजात शिकवायचा. तो सायकलवरून जायचा, आणि गाडीत बसलाच तर वर्तमानपत्र उघडून बसायचा.

गाडी घेऊन चार-पाच महिने झाले असतील, तेव्हा पहिल्यांदा आवाज आला. क्लच दाबला की खालून खर्रर्र व्हायचं, पत्र्यावरून वीट ओढल्यासारखं. मी नवऱ्याला विचारलं, "ऐकलंस का?"

"काय?"

"आवाज."

"गाडीला आवाज असतोच की," तो म्हणाला आणि पान उलटलं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी पुस्तक काढलं. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना जो आजार शिकावा तो आपल्याला झालाय असं वाटायचं. आता वय पस्तिशीच्या पुढं गेलं होतं, पण खोड तीच. पुस्तकात या आवाजाची पाच-सहा कारणं दिली होती. सगळ्यात साधं कारण सोडून मी सगळ्यात गंभीर कारण उचललं. गिअरबॉक्सच्या आतलं पुढचं बेअरिंग गेलंय, असं माझं निदान झालं.

सांगलीच्या रस्त्यावर एका माणसाचं गॅरेज होतं. तो वडूजकडचा. लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढून परत आला होता. बोलायचा कमी. केस बारीक कापलेले, आणि नट खोलायचे पाने टेबलावर लहान-मोठ्या क्रमानं मांडलेले. मी गाडी नेऊन उभी केली आणि खाली उतरायच्या आतच सांगितलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पुढचं बेअरिंग गेलंय."

तो हात पुसत आला. "बाई, त्रास काय होतोय गाडीला?"

"सांगितलं ना. बेअरिंग."

"ते मी बघतो. आवाज कसा येतोय?"

मी तोंडानं आवाज काढून दाखवला. साडी नेसलेली, गळ्यात स्टेथोस्कोप राहिलेला, अशी एक बाई भर रस्त्यात खर्रर्र करतेय म्हणून समोरच्या पानवाल्यानं मान बाहेर काढली. गॅरेजवाल्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"दाबल्यावर येतोय का सोडल्यावर?"

"दोन्ही वेळा," मी ठामपणे म्हणाले. खरं तर मी तसं कधी पाहिलंच नव्हतं.

"किती दिस झालं?"

"बरेच."

माझ्या तपासणीच्या खोलीत एखादी बाई असं बोलली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. आजाराचं नाव तू सांगू नकोस, काय होतंय ते सांग, हे माझं रोजचं वाक्य होतं.

त्यानं स्वतः बसून गाडी चालू केली, गिअर मोकळा ठेवला आणि क्लच अगदी हळू दाबला. जरासा दाबताच आवाज आला. सोडला की गेला. असं त्यानं तीन वेळा केलं.

"दाबल्यावरच येतोय," तो म्हणाला. "क्लचचं बेअरिंग गेलंय. पाय दाबला की ते फिरत्या भागाला जाऊन टेकतं. पाय काढला की त्याला इसावा. गिअरबॉक्सला काय न्हाई झालेलं."

"तरी पण गिअरबॉक्स उघडून बघा."

"आवं, तो ठणठणीत हाय."

"बघून तर घ्या."

त्यानं घेतला बघून. बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागणारच होता, पण माझ्या हट्टापायी तो उघडून धुवून परत बांधण्यात आणखी दोन दिवस गेले, आणि तो गुरुवार मला एस.टी.नं काढावा लागला. गाडी परत देताना तो म्हणाला, "तुमच्या गिअरबॉक्सची तब्येत लय चांगली हाय." त्यात टोमणा होता की नाही हे मी विट्यापर्यंत ठरवत होते.

चार महिन्यांनी आवाज परत आला.

या वेळी माझ्याकडं नवं निदान होतं. बेअरिंग बनावट होतं. मी ते त्याला तसंच सांगितलं, आणि बनावट औषधांनी माणसं कशी दगावतात यावर एक छोटं व्याख्यानही दिलं. जुनं बेअरिंग काढल्यावर त्यानं ते तळहातावर घेऊन बराच वेळ उलटंपालटं करून पाहिलं. मग मला दाखवलं. चार महिन्यांत ते चार वर्षं वापरल्यासारखं झिजलं होतं.

"बघा," मी म्हणाले.

"बघतोय की," तो म्हणाला. नवीन बेअरिंग त्यानं पुण्याहून मागवलं आणि त्याचं खोकं माझ्यासमोर फोडलं.

ते बेअरिंग पाच महिने टिकलं.

तिसऱ्या वेळी मी रागानंच गाडी आत घातली. कुणीतरी मला फसवतंय, याची आता खात्री पटली होती. पुण्याचा दुकानदार, साताऱ्याचे अधिकारी की हा गॅरेजवाला, एवढंच ठरायचं होतं. माझं बोलून झाल्यावर त्यानं टोपी घातली, पलीकडचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

"चला बाई, मिरजेपतोर जाऊन येऊ. तुमीच चालवा."

मी गाडी काढली. तो आवाज ऐकण्यासाठी बसलाय असं मला वाटलं होतं, म्हणून मी मुद्दाम गिअर बदलत होते, क्लच दाबत होते. पण त्याचं आवाजाकडं लक्षच दिसेना. तो अधूनमधून खाली बघायचा, माझ्या पायांकडं. मी बघितलं की झटकन रस्त्याकडं नजर वळवायचा. एकदा झालं, दोनदा झालं. मी साडी नीट केली. तिसऱ्यांदा त्यानं घसा खाकरला.

"बाई, रागावू नका. साडीचा काठ जरा वर घ्या."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. उसाच्या फडाला लागून होती ती जागा, आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी अनेकांना गप्प केलं होतं, त्यामुळं शब्द शोधावे लागले नाहीत.

"काय म्हणालात?"

त्याचे कान लाल झाले होते. तो समोरच्या काचेतून बघत म्हणाला, "तसं न्हाई ओ. तुमचा डावा पाय कुठं असतोय ते मला बघायचंय. साडीखाली दिसंना."

"पाय कुठं असणार? खाली."

"खाली म्हंजे जमिनीवर का क्लचवर?"

मी खाली बघितलं. साडी बाजूला केली. गाडी उभी होती, गिअर मोकळा होता, आणि माझा डावा पाय क्लचवर होता. नुसता ठेवलेला. दाबलेला नव्हता, पण सोडलेलाही नव्हता.

"गॅरेजपासनं तिथंच हाय तो," तो म्हणाला. "गाडी जातीय तोपतोर बेअरिंगला इसावा न्हाई. कितीबी चांगलं घाला, झिजणारच."

मी इंजिन बंद केलं. मग त्याला जे सांगितलं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मिरजेच्या बाजारात, ऐन गर्दीत ती माझ्या हातून बंद पडली होती. मागं टांगे, सायकली, एक बैलगाडी. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, बाईच्या हातात दिल्यावर आणि काय होणार. मग चार जणांनी हसत हसत ढकलली, आणि त्यातल्या एकाच्या बायकोचं बाळंतपण मी महिन्याभरापूर्वी केलं होतं. त्या दिवसापासून माझा पाय क्लचवरून हलला नव्हता. गाडी जरा अडखळली की दाबायचा, म्हणजे बंद पडत नाही. त्या बाजारानंतर ती एकदाही बंद पडली नव्हती. मी उत्तम गाडी चालवते, असं मला वाटायला लागलं होतं ते त्यामुळंच.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"आमच्या युनिटात एक जवान व्हता," तो म्हणाला. "पैलवान गडी. पर त्याचाबी पाय क्लचवर. सुभेदारसाहेबांनी त्याचा डावा बूट दोरीनं सीटला बांधला, आन क्लच लागंल एवढीच दोरी ढिली ठेवली."

"मग आता मला बांधणार का?"

"न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमी सिव्हिलियन."

गॅरेजवर परत आल्यावर त्यानं नवीन बेअरिंग तर घातलंच, पण क्लचच्या डाव्या बाजूला एक लाकडाचा ठोकळाही बसवला. बाभळीचा होता, वरून तिरका तासलेला. पाय तिथं ठेवायचा, एवढंच. नवऱ्यानं तो पाहिला आणि विचारलं, हे कशाला. मी म्हणाले, गाडीला आधार म्हणून. त्यानं ते मान्य केलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

सवय जायला फार दिवस लागले. रस्त्यात दर दोन-तीन मैलांवर मी साडी सरकवून खाली बघायचे, पाय ठोकळ्यावर आहे ना. या बघण्यापायी एकदा तासगावच्या अलीकडं एका म्हशीला धडकता धडकता राहिले.

आणि आठ-नऊ महिन्यांनी, एका गुरुवारी सकाळी निघताना, क्लच दाबल्यावर आवाज आला.

हा आवाज वेगळा होता, बारीक, कुईं करून. पण या वेळी मी पुस्तक काढलं नाही. निदान वगैरे काही सुचलं नाही. मी सरळ गॅरेजवर गेले आणि उतरल्या उतरल्या कबुली दिली. पाय मी ठेवत नाही, पण गेल्या आठवड्यात विट्याच्या चढावर दोनदा राहिला होता, आणि त्याच्या आधी पावसातून येताना एकदा, बहुतेक.

तो चहा पीत होता. कपबशी बाजूला ठेवून तो उठला. इंजिन बंदच ठेवलं, दारातूनच आत वाकला आणि हातानं क्लच दाबला. कुईं. परत दाबला. कुईं.

"इंजिन बंद हाय, तरी आवाज येतोय," तो म्हणाला. "फिरणारं काय न्हाई हितं. पेडलच वाळलंय."

त्यानं तेलाची लांब नळीची डबी आणली, पेडल जिथं फिरतं तिथं दोन थेंब सोडले आणि पाच-सहा वेळा दाबलं. आवाज गेला.

"एवढंच?"

"एवढंच."

"माझा पाय नव्हता ना?"

"न्हाई बाई. ह्या टायमाला पायाचं काय न्हाई." मग त्याच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हसण्यासारखं आलं. "जावा आता, बायका वाट बघत असतील."

मी निघाले. पाय ठोकळ्यावर घट्ट रोवला होता आणि मन फार हलकं झालं होतं. तासगाव ओलांडून चढ लागला तेव्हा गिअर बदलायची वेळ आली, आणि मी तो क्लच न दाबताच बदलला. गाडीतून जो आवाज आला त्याचं कारण मला कुणाला विचारावं लागलं नाही.